ऑईल गळणारी गाडी कुणाची आहे?

परवा बेळगावात, वडगावला मावसभावाची वास्तुशांत होती. पंगतीला बसलोय, पानात आत्ता कुठं मसालेभात पडलाय आणि तेवढ्यात माईकवर घोषणा, "के ए बावीस, काळी मोटरसायकल, ऑईल गळणारी, कुणाची आहे त्यांनी कृपया बाजूला घ्यावी." सकाळी गुरुजींनी ज्या माईकवर संकल्प सोडला त्याच माईकवर. अहो, नंबर सांगा, रंग सांगा, ऑईल गळणारी हे वरनं कशाला? शेजारच्या पाव्हण्यानं विचारलंच, "तुमची हाय काय वो?" मी म्हटलं नाही, आणि भात कालवत बसलो. पण वहिनी स्वतः पंगतीत आल्या, "भाऊजी, तुमचीच हाय. नव्या टाईल्सवर डाग पडलाय बघा." मग काय, उठलो.

बाहेर बघतो तर गाडीखाली कुणीतरी आईस्क्रीमचा रिकामा डबा सरकवलेला, भोवती पाच-सहा माणसं, आणि मधोमध नवं कोरं धोतर सावरत उकिडवे बसलेले आप्पा. आप्पा म्हणजे वहिनींचे वडील, खानापूरकडचे, बस डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. रिटायर झालेल्या मेकॅनिकसमोर गळणारी गाडी लावणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी डब्यात बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. वास घेतला. आणि मग, मी खरंच सांगतोय, बोट जिभेला लावलं.

"जळकट लागायलंय," आप्पा म्हणाले.

पुढं ऐका.

"सर्व्हिसिंग कवा केलासा?"

"गेल्या आठवड्यात."

"त्येच्याआधी गळत हुतं काय?"

"नाही हो."

"बघा! म्हणजे सर्व्हिसिंग केलासा म्हणून गळायलंय. करूच ने." भोवतालच्या सगळ्यांनी माना हलवल्या. राग यायचं कारण म्हणजे यात खोटं काहीच नव्हतं.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑईल किती आहे ते बघायची झाकणाची काडी. गाडी साईड स्टँडवर तिरकी उभी, आप्पांनी ती तशीच उघडली, माझ्याच खिशातला माझाच रुमाल काढून पुसली, परत आटे देऊन गच्च बसवली, काढली आणि तापमापी बघावी तशी उन्हात धरली. "ऑईल न्हाईच की वो ह्यात!" मी म्हटलं, आप्पा, गाडी मधल्या स्टँडवर सरळ घ्यायला पाहिजे, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, ऑईल खाली उतरू द्यायचं आणि माझ्या गाडीत डिपस्टिक आटे न देता नुसती टेकवून बघायची, तसं पुस्तकात लिहिलंय. आप्पांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"पुस्तक कुणी लिवलंय? जपानी माणसानं. त्येंच्यात रस्ते सपाट असतात. हितं गाडी सरळ कवा असती, सांगा बघू?"

यावर काय बोलणार तुम्ही? वडगाव ते टिळकवाडी गाडी चालवून दाखवा आणि मग बोला.

तेवढ्यात त्यांना झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चहासारखा फेस दिसला आणि आप्पांचा चेहरा खुलला. "पाणी! हेड गॅस्केट गेलं. इंजिन खाली काढायला लागतंय." आता बसच्या इंजिनला रेडिएटर असतो, गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालची सील, गेलं की त्यातलं पाणी ऑईलमध्ये येतं, ते बरोबरच आहे. पण माझी गाडी हवेवर थंड होणारी, तिच्यात पाण्याचा थेंबच नाही, तर येणार कुठनं? पावसाळ्यात आपल्याकडं हवा किती ओली असते ते सांगायला नको, आणि मी टिळकवाडीतनं कॅम्पात जाणार, दहा मिनिटांत गाडी बंद. इंजिन पुरतं तापतच नाही, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि ऑईलमध्ये घुसळलं जातं. लांब चक्कर मारली की बहुतेक उडून जातं. हे सगळं मी सांगत होतो, पण ऐकणारे आता आप्पांच्या पार्टीत गेले होते, एकानं तर मला इंजिन उतरवून देणाऱ्याचा फोन नंबरही देऊ केला.

शिनोळीचा, म्हणजे हद्दीपलीकडं महाराष्ट्रातला, एक पाव्हणा होता, एम एच शून्य नऊवाला, पेट्रोल मात्र चार पैसे स्वस्त म्हणून बेळगावात टाकी फुल करून जाणारा. तो म्हणाला मी तर कारमधलं उरलेलं ऑईल घालतो, एकदम भारी. अरे बाबा, मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये भिजत असतो, कारच्या पातळ ऑईलमध्ये बऱ्याचदा घर्षण कमी करायची औषधं असतात, त्यानं क्लच घसरतो, रेस दिली की इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर. म्हणून तर बाटलीवर जासो एमए नाहीतर एमए२, ही मोटरसायकलच्या ऑईलची जपानी खूण, लिहिलेलं बघून घ्यायचं. तो म्हणाला, "माझा क्लच घसरतोयच, पण तो आधीपासनं." आधीपासनं म्हणजे कधीपासनं ते त्यानं सांगितलं नाही.

आप्पांचं मत ऑईल जाड पाहिजे. पुस्तकात १०डब्ल्यू-३० (हे जाडीचे आकडे) असलं तरी २०डब्ल्यू-५० घाला, जाड ऑईल गळत नाही. मी म्हटलं थंड इंजिनला जाड ऑईल वरपर्यंत चढायला वेळ लागतो आणि भोक असलं की जाडपण गळतं, सावकाश गळतं एवढंच. मग बोलणं येझदीवर, त्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर गेलं. आप्पांकडं येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातली, १९७३ पासून ज्या निघायला लागल्या त्यातली, १९९६ ला कारखाना बंद पडला याचं दुःख आप्पांना घरातल्या कुणाच्याही जाण्यापेक्षा जास्त असावं. "पेट्रोलातच ऑईल मिसळायचं, जळून जातंय, बदलायचं लफडंच न्हाई." गिअरबॉक्सचं ऑईल त्यातही वेगळं बदलायला लागायचं हे मी बोललो नाही, भात गार होत होता. शेवटी म्हणाले पूर्वी इंजिनात एरंडेल घालायचे. मला वाटलं आता हद्द झाली, पण घरी येऊन बघितलं तर खरंच, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनात एरंडेलच असायचं, आणि त्याचा धूर नाकातोंडात जाऊन पायलट लोकांची पोटं बिघडायची म्हणे. आप्पांना हे सांगायला फोन करणार नाहीये.

ही सगळी परिषद चालू असताना केटरिंगचा एक पोरगा भाताची बादली घेऊन चालला होता. बादली खाली ठेवली, मोबाईलचा टॉर्च मारून गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "वाशर हाकिल्री अण्णा." आणि बादली उचलून गेला.

कानडीत म्हणाला, वॉशरच घातलेला नाही. वॉशर म्हणजे ऑईल काढायच्या बोल्टखाली जी पत्र्याची चकती असते ती. दाबली की चपटी होऊन भेगा बुजवते, म्हणून दरवेळी नवी घालायची, किंमत कटिंग चहाएवढी. सर्व्हिस सेंटरवाल्यानं जुनी काढली आणि नवी घालायला विसरला, मग गळायला लागलं म्हणून बोल्टच ताकद लावून पिळला. बोल्ट लोखंडी, इंजिनचं खालचं अंग अॅल्युमिनियमचं, आटे कुणाचे जाणार?

तेव्हापासनं रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो आणि सकाळी दात घासायच्या आधी डाग बघतो. बायको म्हणते एवढं पोरांच्या अभ्यासाकडं बघा. पण पुढच्या महिन्यात चोर्ल्यातनं गोव्याला जायचंय, घाटात मोबाईलला रेंज नसते, ऑईल संपून पिस्टन जाम झाला तर तिथं कुणाला सांगणार? नवीन गाडी आहे हो ही, हप्ते चालू आहेत. सिग्नलला उभा राहिलो तरी मान खाली घालून इंजिनचा आवाज ऐकतोय, मागचा हॉर्न मारतोय, मी ऐकतोय.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर पहिलं वाक्य, "सर, थोडं सीपेज नॉर्मल आहे." सीपेज म्हणजे पाझरणं. थोडं म्हणजे किती? टाईल्सवर ताटाएवढा डाग म्हणजे थोडं? बघितल्यावर म्हणाले आटे गेलेत, खालचा पार्ट अख्खा बदलायला लागेल, बेंगळुरूवरनं मागवायचा, वॉरंटीत बसत नाही कारण "बाहेर कुणीतरी हात लावलाय." कुणी लावला हात? आप्पांनी फक्त बोट लावलंय! ज्या गावातल्या उद्यमबागेत लोक फाउंड्रीत कास्टिंग ओततात, लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरून काम करतात, त्या गावात माझ्या गाडीचा एक बोल्ट कुणाला नीट पिळता आला नाही. शेवटी तिथल्याच एका लेथवाल्यानं नवी आटेदार स्प्रिंग बसवून दिली, चहा पाजला, पैसे सांगताना लाजला.

राग गळतीचाही नाही आता. राग बिलाचा आहे. पुस्तकात लिहिलंय ऑईल बदलताना ९०० मिली लागतं. बिलात एक लिटर लावलंय. दरवेळी एक लिटर लावतात. उरलेलं १०० मिली जातं कुठं? दिवसाला नुसत्या दहा गाड्या धरल्या तरी एक लिटर होतं, म्हणजे अख्खी एक बाटली. काउंटरवर विचारलं. आधी म्हणाला कॅनमध्येच राहतं. म्हटलं मग कॅन द्या. तर कॅन स्क्रॅपला जातो. म्हटलं मग १०० मिलीचे पैसे कमी करा. त्यानं कॉम्प्युटरमधनं मान वर न काढता सांगितलं,

"सर, तुमची गाडी गळतीय न्हवं? त्यातच गेलं असंल की."

खाली कन्झ्युमेबल्सचे, म्हणजे किरकोळ सामानाचे म्हणून आणि पैसे लावलेत, वॉशर त्यातच धरतात असं तोच म्हणाला.