वाक्यातील कर्ता ओळखा

आमच्या मावशीला घेऊन सुपरमार्केटात जायचं म्हणजे पालखीच निघते. ठरलेले विसावे, ठरलेले मुक्काम. मध्येच कुणी घाई केली तर पालखी जागची हलत नाही. मावशी अठ्ठ्याहत्तरची. १९६८ साली गिरगावातून लंडनला आली, इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत सत्तावीस वर्षं टायपिस्ट होती, आणि आता वेम्बलीत एकटी राहते. सोबतीला संधिवात, चाकांचा वॉकर आणि ब्लू बॅज. मी वॉटफर्डला राहतो आणि दर शनिवारी भोई होतो.

ब्लू बॅज म्हणजे अपंग माणसाला कौन्सिलकडून मिळणारं निळं कार्ड. इंग्लंडमध्ये त्याला फार तर १० पौंड पडतात आणि ते तीन वर्षं चालतं. हा बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मावशी ज्या गाडीत बसेल ती गाडी तेवढ्यापुरती मानाची. सोबत पुठ्ठ्याचं एक घड्याळ येतं. रस्त्यावर पिवळ्या रेघांवर गाडी लावली की आल्याची वेळ त्यावर फिरवून ठेवायची. मग इंग्लंडात बहुतेक ठिकाणी तीन तास कुणी हटकत नाही. २००० सालापर्यंत हाच बॅज नारिंगी होता. काकांचा तो नारिंगी बॅज मावशीने अजून देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवलाय, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी.

तर त्या शनिवारी आम्ही एका मोठ्या सुपरमार्केटात गेलो. फाटकावर पाटी होती, दोन तास फुकट. दोन तास म्हणजे चिक्कार. माझी आई दोन तासांत तुळशीबाग उभी-आडवी पालथी घालून, वर मस्तानी पिऊन घरी परत येते.

पण ती आई. ही मावशी.

अपंगांसाठी राखलेल्या रुंद जागा सहा, सहाही भरलेल्या. त्यांतल्या एकीत चकचकीत लाल गाडी, काचेमागे बॅजचा पत्ता नाही, आणि आत एक धट्टाकट्टा गृहस्थ सँडविच खात बसलेला. साध्या जागेत गाडी लावली तर मावशीच्या बाजूचं दार अर्धंच उघडतं, आणि अर्ध्या दारातून मावशी उतरत नाही. थांबलो. सँडविच अत्यंत सावकाश खाल्लं जात होतं. चौदा मिनिटं गेली.

मग उतरणं. इथे ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण तिनाला मावशी उठत नाही. तिला वाटेल तेव्हा ती उठते आणि त्या क्षणी आपला खांदा तिथे असावा लागतो. मग वॉकर उलगडणं. मग अपंगांचं स्वच्छतागृह. ते कुलपात असतं. ही कुलपं उघडणारी ‘रडार की’ नावाची एकच किल्ली देशभर चालते, १९८१ पासूनची योजना आहे. किल्ली पर्समध्ये होती. पर्स गाडीत होती. गाडी पार्किंगच्या पार त्या टोकाला होती. मी धावलो.

मग खरेदी. मावशी प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचते. बिस्किटांत साखर किती, आंब्याच्या रसात आंबा किती, सगळं. तिचं म्हणणं, पुढचं मोठं अक्षर आपल्याला खूश करायला असतं, मागचं बारीक अक्षर त्यांना वाचवायला. त्या दिवशी मी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्याची किंमत पुढे येतेच. बिलासाठी यंत्रापाशी जायला ती तयार नसते. “मी इथे नोकरीला नाही,” असं ती त्या यंत्रालाच सांगते. म्हणून मग जिवंत माणूस बसलेल्या एकुलत्या एका गल्ल्यावरची रांग.

बाहेर पडलो तेव्हा आम्ही मजेत होतो.

अठराव्या दिवशी पत्र आलं. त्यात माझ्या गाडीचे दोन फोटो. एक आत शिरताना ११:०२ चा, दुसरा बाहेर पडताना १३:१९ चा. एकूण दोन तास सतरा मिनिटं. सबब १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६०. पत्राच्या डोक्यावर ‘पीसीएन’. कौन्सिलचा पीसीएन म्हणजे पेनल्टी चार्ज नोटिस, तो खरा दंड. खासगी कंपनीचा पीसीएन म्हणजे पार्किंग चार्ज नोटिस, आणि तो दंड नव्हेच. पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्यात आणि मोडल्यात, असं म्हणून धाडलेलं ते बिल. आद्याक्षरं तीच, तोरा तोच. वेषांतर करून आलेल्या बिलाला पाहून माणूस घाबरतो आणि ६० पौंड भरून मोकळा होतो. गाडीच्या नंबरावरून माझा पत्ता त्यांना डीव्हीएलए या सरकारी खात्याने दिला होता, अडीच पौंड घेऊन. घराचा हप्ता भरताना हा पत्ता इतका स्वस्त असेल असं कधी वाटलं नव्हतं.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा पुण्याची आठवण आली. तिथे गाडी उचलून नेली तरी टेम्पोमागे धावता येतं. मामांना गाठून “साहेब, दोन मिनिटं औषध आणायला गेलो होतो” म्हणता येतं. मामा ऐकत नाहीत, पण ऐकत नसल्याचं तोंडावर दाखवतात, त्यानेही मन हलकं होतं. इथे मामा नाही. खांबावर कॅमेरा आहे. त्याला बॅज दिसत नाही, वॉकर दिसत नाही, सँडविच तर नाहीच नाही. त्याला फक्त नंबरप्लेट वाचता येते. दोन फोटोंच्या मधे मावशी कुठेच नव्हती.

मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं. चाळीस वर्षं इथे असलेल्या एका काकांनी ठणकावलं, “केराच्या टोपलीत टाक, काही होत नाही.” हा सल्ला २०१२ पर्यंत फार उत्तम होता. त्या साली कायदा बदलला, काका बदलले नाहीत. ग्लासगोच्या मेहुण्यानेही फाडून टाक म्हणून सांगितलं. तो कायदा स्कॉटलंडला लागू नाही, हे त्याला माहीत होतं आणि मी स्कॉटलंडात राहत नाही, हे तो विसरला होता. एका सीएने हिशेब मांडला की भांडण्यात जाणाऱ्या तासांची किंमत ६० पौंडांहून जास्त. शेवटी कुणीतरी सुप्रभात म्हणून गुलाब पाठवला आणि चर्चा संपली.

मी अपील लिहायला बसलो. शाळेत मला निबंधात दुसरं बक्षीस होतं, ते असं परदेशात कामी येईल असं कुणाला वाटलं होतं! भाषा इंग्रजी, रस करुण. मी माझ्या वृद्ध मावशीला घेऊन आलो. मी जागेसाठी चौदा मिनिटं थांबलो. मी तिला हात दिला. मी किल्लीसाठी धावलो. शेवटच्या परिच्छेदाला माझेच डोळे भरून आले. पाठवलं.

कंपनीचे डोळे भरून आले नाहीत. आठवड्यात उत्तर आलं की आमच्या जागेत ब्लू बॅज म्हणजे जादा वेळ नव्हे, पैसे भरा, नाहीतर हा दहा आकडी कोड घ्या आणि ‘पोपला’ या लवादाकडे जा. वर एक दाखलाही होता. बॅरी बीव्हिस नावाचा एक चिप्सच्या दुकानाचा मालक चेम्सफर्डच्या अशाच पार्किंगमध्ये दोन तासांच्या जागी आणखी ५६ मिनिटं थांबला, ८५ पौंडांच्या बिलावरून भांडत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये हरला. दाखला मला घाबरवण्यासाठी होता. मला मात्र त्या माणसाबद्दल आदरच वाटला. ८५ पौंडांसाठी सुप्रीम कोर्ट! गृहस्थ मनाने सदाशिव पेठेतलाच.

यातलं काही मावशीला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ते मी फक्त आईला सांगितलं. आईने ते फक्त मावशीला सांगितलं.

मावशीने सगळे कागद मागवले. चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि माझं अपील वाचताना दर ओळीत कुठेतरी गोल करत गेली. मला वाटलं, आवडलेली वाक्यं असतील.

“चौदा,” ती म्हणाली.

“काय चौदा?”

“पानभर पत्रात चौदा वेळा ‘मी’. मी आणलं, मी लावली, मी थांबलो. नोटिशीची पाठ वाचलीस का रे?”

पाठीवर बारीक अक्षर होतं. आंब्याच्या रसासारखंच. मावशीने लायब्ररीतल्या मुलीकडून तो अख्खा कायदा छापून आणला होता. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट, २०१२, परिशिष्ट ४. त्यात असं आहे, की गाडीवर चिठ्ठी न लावता कॅमेऱ्यावरून टपालाने नोटिस धाडायची असेल, तर ती गाडी लावल्यापासून चौदा दिवसांत घरी पोचली पाहिजे. पोचली तरच, गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही तरी, ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याच्याकडे पैसे मागता येतात. आमची पोचली अठराव्या दिवशी. म्हणजे कंपनीला पैसे मागायचे तर फक्त चालवणाऱ्याकडे मागता येणार.

“आणि गाडी कोण चालवत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं,” मावशी म्हणाली.

“नव्हतं?”

“नव्हतं. तू कळवलंस.”

मी गप्प. मावशीने पेन्सिल खाली ठेवली. “अरे, ‘गाडी लावण्यात आली’ असं लिहावं. ‘खरेदी करण्यात आली.’ ‘विलंब झाला.’ सत्तावीस वर्षं मी हेच टाइप केलं. कौन्सिलने कधी काही केलं असं एका पत्रात नव्हतं. सगळं आपोआप होत असे.”

मला एकदम आमच्या नळावर चिकटवलेली नोटिस आठवली. पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. कोण ठेवणार? कुणी नाही. नागरिकांनी नोंद घ्यावी. कर्त्याला इतक्या सफाईने गायब करणारी भाषा घेऊन मी जन्माला आलो आणि चौदा वेळा स्वतःचं नाव सांगून बसलो. आई जन्मभर म्हणत आली, जरा कर्ता हो. झालो, तर नेमका इथे.

“मग आता?”

“आता दुकानात जायचं,” मावशी म्हणाली. “पार्किंगवाले कुणाच्या जिवावर उभे आहेत? दुकानाच्या. गिऱ्हाईक कुणाचं? दुकानाचं.” तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. त्यात त्या दुकानाची सहा वर्षांची बिलं होती, रबरबँड लावून, वर्षवार. आणि तिचं स्वतःचं पत्र, पाच ओळींचं. मी अपंग आहे. तुमच्या दुकानात खरेदी करायला मला दोन तास सतरा मिनिटं लागतात. त्या दिवशीचं बिल सोबत आहे. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम २० प्रमाणे माझ्यासाठी वाजवी फेरबदल करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कोणता फेरबदल करणार, ते कळवावं.

डोळे कुठेच भरून येत नव्हते. पण वाचून मीच जरा सावरून बसलो.

शनिवारी पालखी पुन्हा निघाली. फाटकाखालून जाताना माझ्या लक्षात आलं की बिलाविरुद्ध तक्रार करायला आपण त्याच कॅमेऱ्याखालून चाललोय आणि घड्याळ सुरू झालंय. रुंद जागा मिळवणं, उतरणं, वॉकर, किल्ली (या वेळी माझ्या गळ्यात), असं करत तक्रारीच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा एक्केचाळीस मिनिटं संपली होती. टेबल अर्थातच दुकानाच्या शेवटच्या टोकाला. तिथे रांग. रांगेनंतर कळलं, मॅनेजर जेवायला गेलाय. मावशी वॉकरच्या बैठकीवर बसली. मी दर चार मिनिटांनी घड्याळ पाहत होतो आणि ती दर चार मिनिटांनी मला पाहू नकोस म्हणत होती.

मॅनेजर आला. पंचविशीचा पोरगा, दाढी नुकतीच जमलेली. मावशीशी बोलायला तो खाली उकिडवा बसला, तिथेच तो मला आवडला. त्याने पत्र वाचलं. डब्यात डोकावला. एक वर्ष बाहेर काढून पाहिलं, परत ठेवलं. मग टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, रद्द केलं. संध्याकाळपर्यंत ईमेल येईल. तुमच्या गाडीचा नंबर यादीत घालून ठेवतो, म्हणजे पुढे त्रास नाही.

“यादी कधीपासून?” मावशीने विचारलं.

“सोमवारपासून.”

“आणि आज?”

पोरगा ओशाळला. “आज जरा लवकर निघा.”

एक तास एकोणपन्नास मिनिटं. मी वॉकरला जवळजवळ ढकलतच दरवाज्यापर्यंत आणलं. बाहेर आमच्या शेजारच्या रुंद जागेत लाल गाडी उभी होती. आज पास्ता होता. मावशीला बसवलं, वॉकर मिटला, चावी फिरवली.

“कोथिंबीर राहिली,” मावशी म्हणाली.

“मावशी, एक तास छप्पन्न!”

“दोन तासांवर दहा मिनिटं सवलतीची असतात. तेही पाठीवरच आहे.”

कोथिंबीर आणण्यात आली. फाटकातून बाहेर पडण्यात आलं तेव्हा दोन तास आठ मिनिटं झाली होती. गाडी कोण चालवत होतं, ते मी सांगणार नाही.