पावलं माझी अन् कूपन एसीवाल्याले

आज पगाराची स्लिप हातात आली अन् डोकंच सणकलं. 'आरोग्य दंड – 500'. त्यातले 200 खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा, खाताना सापडलो म्हणून. आता मी खर्रा खातो, खोटं कायले बोलू, रात्रपाळीत तीन वाजता डोळे मिटाले लागले की पन्नी घोटायची अन् गालात धरायचा, सोडाले पायजे हे मलेही समजते, माय रोज शिव्या देते, पण दंडानं सुटत असता तर बापाच्या मारानं कवाच सुटला असता. अन् ज्या सुपरवायझरनं पकडलं ना, त्याचा खर्रा टपरीवरून मीच आणून देतो. असो.

बाकीचे 300 पावलांचे. हे तर ऐकाच.

दिवाळीनंतर एचआरवाल्यानं सगळ्यायच्या मोबाईलमधे एक ॲप टाकलं. रोज 10 हजार पावलं चाला, महिन्यात जो पहिला त्याले 1,000 चं कूपन, अन् 5 हजाराच्या खाली राह्यला त्याले दंड. आम्ही म्हटलं वा, हे तर घरचंच लग्न हाय! सूतगिरणीत रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत काताच्या मशीनवर, साइडर हावो आम्ही, आठ तास मशीनच्या गल्लीत इकडून तिकडे, धागा तुटला की सांधा अन् पुन्हा चाला, बसाचं तर सोडाच, टेकाले जागा नाही. पण मोबाईल गेटवर जमा करा लागते ना बाप्पा! आत नेला की सस्पेंड. म्हणजे पाय शेडमधे अन् पावलं मोजणारा फोन वॉचमनच्या खणात झोपून राह्यला. महिन्याची सरासरी निघाली 1,900. घर ते बसस्टॉप, बसस्टॉप ते गेट. आठ तासाच्या चालण्याचा भोपळा.

पहिला कोण आला? अकाउंटवाला. एसीतून उठते अन् फोन कानाले लावून व्हरांड्यात येरझाऱ्या मारते. दुसरा आमच्यातलाच एक पोट्टा, त्यानं सुट्टीच्या दिवशी फोन बकरीच्या गळ्यात बांधला होता. त्याले मी हात जोडले.

अन् हा 10 हजाराचा आकडा तरी कुठून आला, तर 1965 च्या सुमारास जपानात पावलं मोजाचं यंत्र विकासाठी कंपनीनं ठेवलेलं नाव होतं ते. भाच्यानं आणखी एक दाखवलं, अमेरिकेत एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीच्या 33 हजाराच्या आसपास कामगारांवर असाच कार्यक्रम तपासला, निकाल 2019 मधे छापून आला, दीड वर्षानं वजन, बीपी, दवाखान्याचा खर्च, कशातच फरक नाही. लोक फक्त सांगत होते की आम्ही व्यायाम करतो म्हणून. तिथं नाही जमलं, इथं बकरी चालवून जमन काय?

आम्ही बिमार काऊन पडतो हे कोणी विचारते का? सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलो की छाती आवळल्यावानी होते, खोकला थांबत नाही, दोन-तीन दिवसात कमी होते. कापसाच्या धुळीचा रोग हाय हा, बिसिनोसिस म्हणते त्याले, गिरणीवाल्यायले हा काय आजच माहीत झाला का? धूळ ओढाची मशीन तीन महिन्यापासून बंद. मास्क मागितला तर फडकं देलं. कॅन्टीनमधे एकच तेल तीन तीन दिवस, आलुबोंडा निरा काळा, अन् त्याच्याच वर पोस्टर, 'हृदय जपा'. त्याच्यावर दंड कोण लावन राज्या?

बरं दंडाचाही कायदा हाय. 1936 च्या पगाराच्या कायद्यात होतं अन् नव्या वेज कोडमधेही हाय, महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर दंड नाही कापता येत, आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्या लागते, अन् रजिस्टरात लिहा लागते. माझे 13 हजार, त्याचे 3 टक्के 390. यायनं 500 उडवले, अन् मले विचारलं कोणी? स्लिपवरच समजलं.

उद्या दुसरी पाळी हाय. दोन तास आधी जाऊन ते रजिस्टर मागतो, पाहू दाखवते का.