‘करलं’ कुठून येतं?

नमस्कार,

मुलांच्या बोलण्यातल्या चुकांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मुलं कानावर पडतं तेच बोलतात. त्यामुळे ‘मी करलं’ तिथल्या तिथे सुधारलं नाही तर तेच तोंडात बसेल, आणि ‘दुरुस्त करत बसू नका’ असा सल्ला म्हणजे पालकांच्या आळसाला मुभा. तुमची कळकळ पोचली. पण मुळात ‘करलं’ मुलाच्या कानावर पडतं तरी कुठे? आमच्या घरात असं कुणीच बोलत नाही. तरी माझी लेक तीन वर्षांची असताना सर्रास ‘करलं’ म्हणायची, ‘बाबा जाला’ म्हणायची.

बसलं, उठलं, पडलं, ठेवलं... हे ऐकून ऐकून मूल आपल्यापुरता एक नियम काढतं आणि तो ‘कर’ला, ‘जा’ला, ‘ये’लाही लावतं. तिथे आपली भाषाच आडवळणाने जाते, त्याला मूल काय करणार? त्याआधी काही महिने हीच मुलगी ‘बाबा गेला’ असं अगदी बरोबर म्हणत होती. तेव्हा ‘गेला’ हा तिच्यासाठी एक सुटा शब्द होता, ‘जा’शी त्याचं नातं तिला लागलं नव्हतं. नातं लागलं आणि ‘जाला’ सुरू झालं. म्हणजे तुम्हाला जी घसरण वाटते, ती मला पुढची पायरी वाटते.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकी भाषा-अभ्यासक बाईंनी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. नाव ‘वग’, तेही बनवलेलं. मग तसेच दोन प्राणी दाखवून अनेकवचन विचारलं. बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असं बरोबर सांगितलं, आणि हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता.

आता दुरुस्तीबद्दल. ठोकळ्यांचं घर रचून लेक ओरडली, “मी करलं!” मी म्हटलं, “करलं नाही, केलं. म्हण बघू, केलं.” “केलं.” “शाब्बास! आता सांग, घर कुणी केलं?” “मी करलं!” नंतर नंतर तर माझा चेहरा बघून ती सांगायचं अर्ध्यावर सोडायला लागली. त्याचं मला फार वाईट वाटलं. मग मी नुसतं म्हणायला लागले, “अरे वा, एकटीने केलंस?” योग्य रूप कानावर पडत राहिलं आणि गप्पाही चालू राहिल्या. काही महिन्यांत ‘करलं’ आपोआप गळून पडलं.

‘दुर्लक्ष करा’ हे माझे शब्द मात्र चुकले, तुमचा तो आक्षेप मान्य. लेखात बदल करते आहे.

तुमच्या पाच वर्षांच्या पुतण्याचं ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे. ‘र’ अनेक मुलांना उशिरा जमतो. त्याच्यासमोर तुम्ही ‘राजा’ऐवजी मुद्दाम ‘लाजा’ म्हणून बघा, बहुधा तो चिडून म्हणेल, “लाजा नाही, लाजा!” असं झालं तर त्याला फरक ऐकू येतोय, जीभ तिथे पोचत नाहीये. त्याची नक्कल मात्र कुणी करू नये. बाहेरच्यांना त्याचं बोलणं कळत नसेल तर आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टना दाखवा. तिथे थांबून राहू नका.