अर्ज गेला? आता बसा निवांत

सर्वप्रथम अभिनंदन! नवऱ्याच्या मागून एच-फोर व्हिसावर आलेय, आता अमेरिकेत नोकरी करू द्या हो, असं म्हणणारा अर्ज तुम्ही अखेर टपालात टाकलात. आय-७६५ फॉर्म, ५२० डॉलर फी (एप्रिल २०२४च्या आधी टाकला असता तर ४१०मध्ये भागलं असतं, पण तेव्हा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर व्हायचा होता, तुमचा काय दोष), लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या एच-वनचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, मंजुरीपत्र, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, नवऱ्याच्या कंपनीचं पत्र. एवढ्या जाडजूड गठ्ठ्यात तुमचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? पासपोर्टच्या झेरॉक्स, फोटो आणि सही. तुमची इंजिनिअरिंगची डिग्री आणि पुण्यातली आठ वर्षांची नोकरी यांना त्या फॉर्मात रकानाच नाही. वाईट वाटून घेऊ नका. काम येतं का, हा प्रश्न तिथे नाहीच मुळी. लग्न कुणाशी झालंय, एवढाच प्रश्न आहे.

आता पुढे काय काय होईल ते सांगते. मी या वाटेने तीनदा गेले आहे, त्यामुळे माझा सल्ला फुकट असला तरी अनुभव महागाचा आहे.

पहिल्यांदा रिसीट येईल. आय-७९७सी असं तिचं नाव. ती आली की तुम्ही नाचाल, फोटो काढून आईला पाठवाल, आई तो देव्हाऱ्यासमोर धरेल. धरू द्या. फक्त त्या कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलंय ते तिला वाचून दाखवू नका. या नोटिशीने तुम्हाला कुठलाही दर्जा किंवा लाभ मिळत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. ‘तुम्हाला काहीही दिलेलं नाही’ एवढं सांगायला सरकारने खास पत्र पाठवावं, त्याला नंबर द्यावा आणि आपण ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवावं, हा मान प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

त्या नंबराबद्दल. तीन अक्षरं आणि दहा आकडे. आठवड्याभरात तो पाठ होईल. स्वतःचा फोन नंबर विसराल, मुलाच्या शाळेचा पासवर्ड विसराल, हा नाही. रात्री अडीचला उठून पाणी प्यायच्या निमित्ताने तो टाकून बघाल. पडद्यावर तेच वाक्य असेल: केस वॉज रिसीव्हड. सकाळी दात घासताना पुन्हा बघाल. रात्री अडीच ते सकाळी सातच्या दरम्यान सरकारी कचेरीत कुणी तुमच्या फायलीला हात लावला असेल, असं वाटणं हे वेडेपणाचं लक्षण नाही, ती पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे आपल्या नंबराच्या पुढचे-मागचे नंबर टाकून शेजाऱ्यांची चौकशी करणं. ‘माझ्यापुढच्या सातव्याचं परवान्याचं कार्ड छापायला गेलं!’ हे वाक्य मी एकदा हळदीकुंकवात मोठ्याने म्हटलं होतं. दोघीजणी रडवेल्या झाल्या, एकीने वाणाची वाटी खाली ठेवून फोन काढला.

एव्हाना नवऱ्याचं काम झालेलं असेल. त्याची कंपनी जादा पैसे भरते, त्याला प्रीमियम म्हणतात, आणि त्याच्या एच-वनचा निकाल कामाच्या १५ दिवसांत लागतो. तुमच्या अर्जाला ही सोय नाही. पैसे द्यायची तयारी दाखवलीत तरी नाही. एकाच घरातून, एकाच वकिलाकडून, एकाच दिवशी निघालेले हे दोन अर्ज. नवरा तत्काळमध्ये कन्फर्म, तुम्ही वेटिंगवर. जानेवारी २०२३मध्ये एक कोर्टाची तडजोड झाली होती, तिच्यामुळे दोन वर्षं असे अर्ज एकत्र बांधून एकत्र निकाली काढायचे. मग जानेवारी २०२५मध्ये ती मुदत संपली. लग्नात मारलेली गाठ सात जन्म टिकते म्हणतात. सरकारने मारलेली बरोबर दोन वर्षं टिकली.

मध्येच एखादं आरएफई येण्याची तयारी ठेवा. आरएफई म्हणजे आणखी पुरावे आणा. आपल्या नावांमुळे हे हमखास होतं. फॉर्म विचारतो, आजवर कुठकुठली नावं वापरलीत? आता काय सांगावं! जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं ‘मुलगी’. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये. लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मध्ये. शिवाय लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात त्याने अंगठीने लिहिलेलं एक निराळंच नाव, जे सासूबाईंनी हौसेने ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून कुणीही घेतलं नाही. ते नाव ‘वापरलं’ म्हणायचं की नाही? वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, सुरक्षित राहायचं तर लिहा. तेव्हा लिहा. तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले, नाव मात्र अमेरिकन सरकारच्या दप्तरात कायमचं बसलं.

लग्न खरंच झालं याचा जास्तीचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका लावायची वेळ आली, तर तिचं इंग्रजी भाषांतर लागेल. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने ‘हे भाषांतर बरोबर आणि पूर्ण आहे’ असं सही करून दिलं की चालतं. आमच्या पत्रिकेचं भाषांतर शेजारच्या दादांनी केलं. ‘चि. सौ. कां.’पाशी ते चाळीस मिनिटं अडले. पण खरी परीक्षा तळाशी होती: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! – चिंगी, बंटी, पिंकू.’ दादा म्हणाले, हे गाळूया. मी म्हटलं, पूर्ण आहे अशी सही करायचीय तुम्हाला, गाळलं तर खोटं होईल. मग ते ‘हं’चं इंग्रजी शोधत बसले. आज कुठल्या तरी गोदामात एका सरकारी फायलीत चिंगी, बंटी आणि पिंकू अधिकाऱ्यांना आग्रहाने लग्नाला बोलावत आहेत.

चौकशी करावीशी वाटेलच. त्यासाठी संकेतस्थळावर एम्मा आहे. ही बाई नाही, यंत्र आहे, २०१५ पासून नोकरीला आहे. तिला वर्क परमिट लागलं नाही. तिचं नाव एम्मा लाझारस या कवयित्रीवरून ठेवलंय. दमल्याभागल्यांना, गोरगरिबांना माझ्याकडे पाठवा, असं स्वातंत्र्यदेवतेच्या तोंडी घालणाऱ्या ओळी तिच्याच, पुतळ्याच्या चौथऱ्याच्या आत लावलेल्या. तुम्ही दमल्याभागल्या आहातच. टाइप करा, ‘माझं कार्ड कधी येईल?’ एम्मा आनंदाने तुम्हाला त्याच पानाची लिंक देईल, जिथून तुम्ही आलात.

मग फोन. फोनवरही आधी यंत्रच. ते विचारेल, कशासाठी फोन केलात? खरं उत्तर देऊ नका. खरं उत्तर दिलं की ते तुम्हाला मेसेज पाठवून फोन ठेवतं. ‘इन्फोपास’ (म्हणजे कचेरीतल्या भेटीची वेळ) असं ठामपणे म्हणत राहा, भूत उतरवताना मांत्रिक म्हणतो तसं, मग कधीतरी माणूस लागतो. तो तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं विचारून घेईल आणि पडद्यावरचं ते वाक्य तुम्हाला वाचून दाखवेल. होय, तेच. केस वॉज रिसीव्हड. फारच नेट लावलात तर वरचा अधिकारी परत फोन करेल असं सांगतील. तो फोन नक्की येईल, कुकरची तिसरी शिट्टी आणि मुलाची शी हे दोन्ही एकाच वेळी होत असताना.

तोवर रिकामा वेळ कसा घालवायचा? काम सोडून काहीही करा. दिवाळीत चकल्या केल्यात आणि वाटल्यात तर ती संस्कृती. त्याच चकल्या डझनाला दहा डॉलरने विकल्यात तर विनापरवाना रोजगार, आणि ग्रीन कार्डच्या फॉर्मात त्याची कबुली द्यावी लागेल. म्हणून मंडळात जा. तिथे पैसे मिळत नाहीत याची सर्वांनाच खात्री आहे. ‘तुला काय बाई, वेळच वेळ’ असं म्हणून गणपतीत अडीचशे मोदक तुमच्याकडे येतील. (एच-फोरवर नवरेही असतात. थोडे असतात. त्यांना कुणी मोदक वळायला सांगत नाही, पण ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागतो, हे मी कबूल करते.)

वाचनाचीही सोय आहे. दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, ग्रीन कार्डच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं. आमच्याकडे ते रविवारच्या राशिभविष्यासारखं वाचलं जातं, फरक इतकाच की राशिभविष्यात कधीतरी धनलाभ असतो. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांच्या आसपास. मग तो देश भारत असो की लक्झेंबर्ग, समानता म्हणजे समानता. त्यामुळे आपली तारीख पुढे सरकते ती आठवड्यांनी, आणि कधीकधी मागेही जाते. मागे जाणारी रांग तुम्ही याआधी पाहिली नसेल. रेशनच्या दुकानातसुद्धा नाही.

या रांगेचा एक जुना किस्सा नव्यांना माहीत नसतो. जुलै २००७चं बुलेटिन आलं आणि जवळजवळ सगळ्या तारखा एकदम खुल्या झाल्या. लोकांनी सुट्ट्या टाकल्या, लसी टोचून घेतल्या, डॉक्टरांकडून सीलबंद पाकिटं आणली, अर्ज कुरिअर केले. २ जुलैला सरकार म्हणालं, माफ करा, एकही नंबर शिल्लक नाही. आपल्या लोकांनी काय केलं? गांधीगिरी. इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावाने शेकड्यांनी फुलांचे गुच्छ धाडले. खात्याने ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवून दिली आणि १७ जुलैला निर्णय फिरवला. १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेऊ, म्हणाले. ही गोष्ट आम्ही नवीन आलेल्यांना शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेसारखी सांगतो. त्यातले काहीजण त्यानंतरही वर्षानुवर्षं रांगेतच होते, हा भाग सहसा सांगत नाही.

आणि उपकार विसरू नका. २६ मे २०१५पूर्वी एच-फोर बायकोला नोकरीची परवानगी मागायचीही परवानगी नव्हती. त्या दिवशी नियम लागू झाला, त्याआधीच तो रद्द करा म्हणून कोर्टात दावा दाखल झाला होता. मग सरकार बदललं आणि नियम मागे घेण्याचा बेत जाहीर झाला. तो तीन-चार वर्षं ‘लवकरच’ येत राहिला आणि जानेवारी २०२१मध्ये गुंडाळला गेला. दावा मात्र चालूच होता. ऑक्टोबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे दहा वर्षांनी आम्ही श्वास सोडला.

फार सोडू नये, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला दुसरा नियम आला. तोवर जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर वेळेत अर्ज केलेल्यांना ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. आम्हा एच-फोरवाल्यांना तीही हातचं राखून. ती आता नव्या अर्जांना बंद. म्हणजे तुमचं कार्ड शुक्रवारी संपत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप परत करायचा. साहेब फार चांगले असतात. केक आणतात. केकवर ‘लवकर परत ये’ असं लिहिलेलं असतं, आणि सोमवारी तुमच्या खुर्चीवर तात्पुरता कुणीतरी बसलेला असतो. मागच्या खेपेला माझ्या जागी आलेला तात्पुरता गृहस्थ आता माझा टीम लीड आहे. स्वभावाने छान आहे.

बरं, लवकर अर्ज करावा म्हटलं तर तेही जमत नाही. कार्ड संपायच्या १८० दिवसांपेक्षा आधी टाकायचा नाही. आणि उशिरा टाकला तर, ‘लवकर का नाही टाकलात?’

असो. एके दिवशी पडद्यावरचं वाक्य बदलेल. कार्ड इज बीइंग प्रोड्युस्ड. तुम्ही किंचाळाल, मूल दचकेल, नवरा मीटिंगमधून म्यूट करून धावत येईल. मग चार दिवस पोस्टाच्या पेटीभोवती घिरट्या. माझं दुसरं कार्ड पोस्टमनने खालच्या मजल्यावर टाकलं होतं. तिथल्या आजोबांनी ते जाहिरात समजून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. नऊ दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरातून सगळ्यांकडे बघत होते.

कार्ड हातात आलं की आधी फोटो बघाल. चोरासारखा येतो, सगळ्यांचाच. मग प्रवर्ग: सी-२६. मग संपायची तारीख. ती नवऱ्याच्या एच-वनबरोबर संपते, त्यामुळे तीन वर्षांतली जेवढी वाट बघण्यात गेली तेवढी वजा. मला या खेपेला सव्वादोन वर्षं मिळाली. मैत्रिणीला अकरा महिने. तिने आईला फोन करून सांगितलं, आलं गं कार्ड. आई म्हणाली, देवाची कृपा, आता पेढे वाट.

पेढे वाटा. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. संपायच्या तारखेपासून मागे १८० दिवस मोजा आणि त्या चौकोनाला लाल पेनने गोल करा. मैत्रिणीचा गोल पाच महिन्यांवर आला, संकष्टीच्या दिवसावर. चंद्रोदय मुंबईचा छापलेला आहे.