फ्लेक्सवरची डावीकडून तिसरी पोरगी आमची आहे

सकाळी एसटी स्टँडसमोर पिकअप लावून चहा घेत होतो. समोर नवा फ्लेक्स. 'शालेय खो-खो स्पर्धा, १४ वर्षांखालील मुली, तालुक्यात प्रथम, सलग पाचव्यांदा!' वर संस्थापक, अध्यक्ष, सचिव यांची ही मोठी मोठी तोंडं. खाली पोरी, अंगठ्याएवढ्या. त्यात डावीकडून तिसरी आमची. आमच्या जिल्हा परिषद शाळेची. म्हणजे सहावीपर्यंत आमची होती. नाव लिहीत नाही, लहान लेकरू आहे. चहा तसाच ठेवून उठलो.

मागच्या वर्षी याच स्पर्धेला पोरींना मीच घेऊन गेलो होतो. मागं ताडपत्री अंथरून बारा पोरी, पुढं गुरुजी. शाळेचा पट ८६, पहिली ते सातवी. बारा पोरी जमवायच्या तर पाचवीतल्या दोन-तीन घ्याव्याच लागतात. समोरचा संघ स्वतःच्या बसमधून उतरला. ट्रॅकसूट, निळे बूट, दोन कोच. आमच्या अनवाणी. एक डाव आणि नऊ गुणांनी हरलो. त्यात रडण्यासारखं काही नाही, हरायची आम्हाला सवय आहे.

पण ही पोरगी पळायला उतरली आणि त्यांच्या पोरींना चार मिनिटं हाती लागली नाही. गुडघा फुटलेला, रक्त मोज्यापर्यंत आलं असतं, पण मोजेच नव्हते. सामना संपल्यावर त्यांचा कोच गुरुजींकडं आला. अभिनंदन नाही, काही नाही. फक्त विचारलं, "ही कोणाची?"

जूनमध्ये ती त्यांच्या पटावर.

आता सांगा, ही स्पर्धा आहे का? त्यांच्याकडं मॅट आहे, वसतिगृह आहे, पहाटे पाचला सराव आहे. आमच्याकडं गुरुजी आहेत. तेच पोषण आहाराचा हिशोब ठेवतात, तेच मतदार यादी घेऊन दारोदार फिरतात, आणि साडेचारनंतर शिट्टी गळ्यात घालतात. कायद्यानं खेळाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, कधी मिळतो माहीत आहे? आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तेव्हा. आमच्या वस्तीवर शंभर पोरं आणायची कुठून? साखर कारखान्याकडनं उसनी?

आणि बाद पद्धत. एकदा हरलं की घरी. तालुक्यातून एकच संघ जिल्ह्याला, तिथून विभाग, मग राज्य. म्हणजे तालुक्यातल्या बाकी सगळ्या शाळांनी वर्षभर मैदान आखायचं ते कशासाठी? या एका संस्थेला पहिल्या फेरीत गडी पुरवायला?

कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो. हो, सचिनसुद्धा शाळा बदलून शारदाश्रममध्ये गेला होता, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. तिथं गेला म्हणून १९८८ ला हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत कांबळीबरोबर ६६४ ची भागीदारी झाली. मान्य. पण मुंबईतली एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जाणं वेगळं आणि वस्तीवरच्या शाळेतला एकुलता एक गडी उचलून तिच्याच विरुद्ध उतरवणं वेगळं.

जगात सगळीकडं असंच चालतं, हेही ऐकून झालंय. माझा मावसभाऊ अमेरिकेत इलिनॉय राज्यात असतो. त्यानं सांगितलं, तिथं शाळांचे गट पटावरून पडतात आणि ज्या खासगी शाळा कुठूनही पोरं घेऊ शकतात त्यांचा पट १.६५ नं गुणतात. ६०० चा पट असेल तर ९९० धरायचा आणि मोठ्या शाळांच्या गटात खेळायचं. तिथंही त्यावरून भांडणं होतातच म्हणे. होऊ देत. कुणाला तरी वाटलं ना, की हे बरोबरीचं नाही! आपल्याकडं शाळेचा दाखला आणि वयाचा पुरावा जुळला की झालं समान. मी म्हणतो, तालुक्याला दोन गट करा, निवासी अकादमीवाल्यांचा एक आणि आमच्यासारख्यांचा एक. दोन्ही विजेते जिल्ह्याला पाठवा. तेवढं जमत नसेल तर निदान शाळा बदललेल्या पोरीला एक वर्ष जुन्या शाळेविरुद्ध खेळवू नका.

दुपारी हे एवढं लिहून ठेवलं होतं. मग तिच्या आईला फोन केला. खरं तर भांडायच्याच तयारीत होतो. ती रानात होती, खुरपणीला. म्हणाली, "भाऊजी, फी माफ हाय. रोज दूध, आठवड्याला अंडी. हितं ऱ्हायली असती तर दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊसतोडीला आली असती."

काय बोलणार?

त्या कोचला मघाशी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या मागं घेतो. निम्म्याच. कारण त्यानं पोरगी बघितली, तिचं भलं केलं, पण तिला खुंट धरायला शिकवलेल्या माणसाचं नाव त्या फ्लेक्सवर कुठंही नाही. संस्थापकाच्या मेहुण्याचं आहे! दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील तेव्हाही त्या शाळेचंच नाव होणार. आमच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली तेव्हा गुरुजींनी वर्गात मोबाइलवर दाखवलं होतं सगळ्यांना. पोरगी तेव्हा शाळेतही आली नव्हती. म्हणजे गुरुजी किती वर्षं हे करतायत बघा.

या वर्षीचा सामना मागच्या आठवड्यात झाला. पहिलीच फेरी, आमच्याविरुद्ध. ती निळ्या बुटात. आमची पाचवीतली एक बारकी पळत होती, तिला गाठायला हिनं खुंटावर सूर मारला, असा की माती उडाली. आणि आमच्याच पोरींनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं. मग लक्षात आलं तशा गप्प झाल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या. गुरुजींनी तेवढ्यात चष्मा पुसायला काढला.

सामना संपल्यावर ती पिकअपजवळ आली. मागं डोकावून म्हणाली, "काका, अजून तीच ताडपत्री?" त्या बारकीला शेजारी बसवलं, बूट काढले, तिच्या पायात घातले. दोन बोटं मोठे होत होते. बारकी तसेच घालून फदक फदक करत मैदानाला अर्धी चक्कर मारून आली. तिकडनं त्यांच्या बसचा हॉर्न वाजायला लागला, तर ही एका पायावर उभी राहून ओरडतेय, "अगं आण की, मला जायचंय!"