रिकामेच आहे ना तुम्ही?

काल रामटेकला एका लग्नाळू जोडप्याच्या तोंडावर मी तासभर उजेड पाडला. फुकट.

गेलो होतो वेगळ्याच कामाला. २१ मार्च हा जागतिक कविता दिन. १९९९ साली युनेस्कोने पॅरिसात तो ठरवला. तिकडे तेव्हा वसंत असतो. आमच्या नागपुरात कूलरला नवा वाळा लावायचे दिवस. खरं तर आषाढाचा पहिला दिवस कालिदासाने आम्हाला कधीचाच लावून दिलेला आहे, पण त्या दिवसाला आंतरराष्ट्रीय शिक्का नाही. असो. व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबांची चित्रं पडायला लागायच्या आत निघालो, मनसरवरून वळलो, टेकडीवर गेलो आणि कालिदास स्मारकाच्या आवारात सावली गाठून मेघदूत उघडलं. मेघदूतातला रामगिरी डोंगर म्हणजे रामटेक, हे आमच्या नागपूरच्या संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडवाले त्यांच्या सरगुज्याचा डोंगर पुढे करतात. करू द्या. चहा पाजू त्यांना, डोंगर देणार नाही.

तेवढ्यात डोक्यावर गॉगल, अंगात सफारी, असे एक गृहस्थ पुढ्यात उभे राहिले. नवरदेवाचे मामा. मागे प्री-वेडिंगचं शूटिंग चाललेलं. रिफ्लेक्टर धरणारा पोरगा खर्रा, म्हणजे आमच्याकडची सुपारी-तंबाखू, आणायला खाली गेला होता.

"भाऊ, रिकामेच आहे ना तुम्ही?"

"वाचतोय."

"हो ना, म्हनूनच विचारलं. हे धरा बरं."

आणि तो चांदीच्या रंगाचा भला मोठा गोल माझ्या हातात आला. पुस्तक मामांनी काखेत घेतलं.

"काय वाचून राहिले?"

"मेघदूत. कालिदासाचं. हे स्मारक ज्याचं आहे तो."

मामांनी वळून इमारतीकडे पाहिलं. "हे त्याचं होय! मी म्हटलं गार्डन आहे. अन् गोष्ट काय आहे?"

हात वर आणि तोंड रिकामं, म्हणून सांगितली. एक यक्ष होता. कामात कुचराई केली म्हणून कुबेराने त्याला वर्षभर बायकोपासून लांब, या डोंगरावर पाठवलं. आठ महिने गेले, चार उरले, आषाढातला ढग दिसला, तेव्हा त्याने ढगालाच अलकानगरीची वाट सांगितली आणि बायकोला निरोप दिला.

"सस्पेंड केलं म्हना ना," मामा म्हणाले. "अर्धा पगार तं भेटला असन?"

"तसा उल्लेख नाही."

"आमच्या साडभाऊले असंच गडचिरोलीले टाकलं होतं. त्यानं नाही ढगाले सांगितलं. आमदाराले सांगितलं. तीन महिन्यांत वापस! थोडं वर घ्या भाऊ, पोरीच्या नाकावर सावली पडून राहिली."

मी वर घेतलं. मंदाक्रांता वृत्तातलं अख्खं काव्य एका साडभाऊने निकालात काढलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला राग मामांचा नाही. थोडा आहे. माझ्या शेजारच्या पायरीवर दोन पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती, त्यांना कोणी 'रिकामेच आहे ना' म्हटलं नाही. मोबाइल बघणारा माणूस कामात असतो, पुस्तक बघणारा मोकळा. घरीही हेच. मी कविता वाचायला बसलो की गॅस सिलिंडर येतो, इस्त्रीचे कपडे आणायचे असतात, कोणाला तरी स्टेशनवर सोडायचं असतं. आणि कविसंमेलनाला जावं तर समोरच्या खुर्च्यांत सगळे कवीच, आपला नंबर लागायची वाट बघत. आपलं वाचून झालं की नाश्त्याची प्लेट घेऊन पसार. ऐकायला उरतो तो सूत्रसंचालक, कारण त्याला आभार मानायचे असतात.

पोरगा गाल फुगवून परत आला. नवरी "थँक्यू हं काका" म्हणाली. माझं वय काका म्हणण्याचं आहे की नाही हा वेगळा विषय. रीलला गाणं पंजाबी लावणार होते.

मामांनी पुस्तक परत दिलं, नंबर मागितला. मी दिला, कारण हात भरून आले होते आणि वाद घालायची ताकद नव्हती. आज सकाळी त्यांचा फोन.

"भाऊ, तुमचा हात लय स्थिर आहे. हळदीच्या दिवशी काय करून राहिले?"

तारीख त्यांनी सांगितलीच नाही. मी मोकळा असणार, हे गृहीत होतं.