कोपऱ्यातली ओल

बेळगावात अनगोळच्या पुढं, तीस-चाळीस फुटांच्या साईटवर एक घर आहे. आहे म्हणजे माझ्या कॉम्प्युटरात आहे. साईटवर अजून गवत आणि शेजाऱ्यांनी हक्कानं टाकलेली खडी आहे. तर हे घर गेल्या आठवड्यात गळायला लागलं.

मी थ्रीडी करतो. घरमालक पहिल्या भेटीत मला 'इंजिनिअर सर' म्हणतात, दुसऱ्या भेटीत 'सर', आणि बिल दिलं की 'ते थ्रीडीवाले'. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल हे आधीच दाखवणं हे माझं काम. लोक ते चित्र व्हॉट्सॲपवर फिरवतात, सोयरे-धायरे जळतात, मग पाया खणतात.

हे चित्र एकसंध निघत नाही. त्याचे थर काढावे लागतात. रंगाचा एक, उजेडाचा एक, सावलीचा एक, आणि एक अँबियंट ऑक्लुजनचा, ज्याला धंद्यात नुसतं 'एओ' म्हणतात. भिंतीवरच्या प्रत्येक बिंदूपासून सॉफ्टवेअर चोहीकडं किरण सोडतं. ठरवलेल्या अंतराच्या आत किती किरण कशाला तरी जाऊन थडकतात हे मोजतं आणि जेवढे थडकतात तेवढा तो बिंदू काळवंडवतं. म्हणजे मोकळ्या भिंतीला काही होत नाही. भिंत आणि स्लॅब जिथं भेटतात, खिडकीची चौकट जिथं गिलाव्यात शिरते, तिथं हा एओ येऊन बसतो. सीमाभागातच राहणारा प्राणी आहे. आमच्या सीमेची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हा सीमेवर अंधार का असतो हे बेळगावात तरी कुणाला समजावून सांगावं लागू नये. पण लागतं.

आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला चावटपणा नाही. हेडन लँडिस, केन मॅकगॉ आणि हिल्मर कोख या तिघांना याच तंत्रासाठी 2010 साली ऑस्करवाल्या ॲकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळालाय. त्याआधी 2007 मध्ये क्रायटेक नावाच्या जर्मन कंपनीनं याचीच झटपट आवृत्ती एका गेममध्ये आणली, तेव्हापासून पोरं मोबाईलवर गोळ्या झाडतात तिथल्या भिंतींचे कोपरेसुद्धा व्यवस्थित काळे असतात. कोपऱ्यातल्या काळेपणाला ऑस्करच्या मांडवात मान आहे. अनगोळात नाही.

घराची फाईल माझ्याकडं आली ती कुणा प्लॅनवाल्याकडून. त्यानं काढली इंचात आणि पाठवताना शिक्का मारला मिलिमीटरचा. एका इंचात 25.4 मिलिमीटर, चाळीस फुटांचं घर उघडलं ते दीड फुटाचं होऊन. अशा बाहुलीच्या घरात एओचं अंतर दहा इंच ठेवलं की हॉलच्या या भिंतीचे किरण त्या भिंतीला जाऊन आपटतात आणि सगळं घर चुलीमागच्या भिंतीसारखं काळं होतं. ते सरळ केलं, तर अंगणातलं झाड बोलायला लागलं. झाडाची पानं म्हणजे चौकोनी पट्ट्यांवर चिकटवलेले फोटो. पानाबाहेरचा भाग पारदर्शक, पण एओला पारदर्शक काही कळत नाही, त्याच्या लेखी पट्टी ती पट्टी. कंपाउंडवर आंब्याची सावली पडायची ती पत्त्यांचा कॅट उधळल्यासारखी. खिडकीच्या काचांचंही तेच. काच वगळायला सांगितल्याशिवाय मागची खोली मळकट. हे सगळं निस्तरलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलंही नाही.

मग ऊन. बेळगाव साधारण 15.85 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी टाळक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. मधल्या काळात तो दुपारी उत्तरेकडं कललेला असतो. घरमालकांचा भाचा बेंगळुरूला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "उत्तरेच्या भिंतीवर ऊन कधीच येत नसतंय सर, मी व्हिडिओत बघितलंय." तो व्हिडिओ कुठल्या देशातला, हे विचारायची सोय नव्हती, कारण मामा कौतुकानं मान हलवत होते. शिवाय दुपार आपल्याकडं घड्याळात बारालाही होत नाही. देशाची वेळ 82.5 रेखांशावर बांधलेली, आपण 74.5 वर, त्यामुळं सूर्य डोक्यावर यायला साडेबारा वाजतात. सॉफ्टवेअरमध्ये साडेपाच तासांच्या जागी नुसते पाच टाकले, तर सूर्य साडेसात अंश हुकतो आणि तुळशीवर ऊन यायचं तिथं शेजारच्या टाकीची सावली येते. भाच्याला हे सांगायला लागलो तर तो फोनमध्ये काही तरी टाईप करत होता. बहुतेक मला खोटं पाडायचं काम चालू होतं.

पण भाचा बरा. खरा प्रसंग आत्यांचा.

घरमालकांच्या या आत्या कणकुंबीच्या. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी. तिथं पाऊस येतो तो बसायलाच येतो, हाकलला तरी उठत नाही. आत्यांनी आयुष्यभर पावसाशी आणि त्याच्या पाठोपाठ भिंतीत शिरणाऱ्या पाण्याशी संसार केलेला. त्या माझ्या खुर्चीशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर टेकल्या, चष्मा पुढं ओढला आणि हॉलच्या चित्रात थेट वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. टीव्ही युनिट नाही, फॉल्स सीलिंग नाही, झुंबर तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही, ज्याच्यावर माझी एक अख्खी रात्र गेली होती.

"हे काय ओ, कोपऱ्यात काळं दिसूलालंय?"

"सावली आहे आत्या."

"कुणाची?"

"कुणाची अशी नाही. जागा आवळलेली असते तिथं उजेड कमी पोचतो, म्हणून येते."

आत्या माझ्याकडं वळल्या. "कुणाचीच नसलेली सावली घरात ठेवूलालास?"

मला उत्तर सुचेना. घरमालकांचा चेहरा उतरला. वास्तुशांतीचा खर्च त्यांनी मनातल्या मनात वाढवलेला स्पष्ट दिसला.

आत्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि मॉनिटर पुसला. एकदा आडवा, एकदा उभा. मग बोटानं खरवडला. कोपरा तसाच. त्यांनी बोट नाकाशी नेलं, वास घेतला आणि निकाल दिला, "सावली न्हवं ही. ओल आहे. आमच्या माजघरात अशीच सुरुवात झाल्ती."

"आत्या, घर अजून बांधलेलं नाही."

"म्हणून तर आत्ताच सांगूलालोय. बांधायच्या आधी एवढी ओल, बांधल्यावर काय व्हईल?"

या वाक्याला तोड नाही. मी दोन-तीन दिवस शोधतोय, अजून सापडलेली नाही.

"आत्तीचं वय झालंय, पण नजर पक्की आहे," घरमालक म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून घरभर ओल शोधली. बेडरूममध्ये सापडली. किचनच्या ओट्याखाली सापडली. जिन्याच्या प्रत्येक पायरीला सापडली. भाचा झूम करत होता, आत्या बोट ठेवत होत्या, घरमालक एका जुन्या बिलाच्या मागं खोल्यांची नावं उतरवून घेत होते. थर बंद करून दाखवला तर सोफा फरशीपासून वीतभर वर तरंगायला लागला. "हे बघा, हा थर काढला की असं होतं," मी म्हटलं. आत्या म्हणाल्या, "तरंगू दे. कोरडा तर राहील."

भाच्यानं तोडगा काढला, "ओपन फाईल द्या सर, मी करतो क्लीन." दिली. आमच्या सॉफ्टवेअरचा सावलीचा थर उलटा असतो. सावलीनं अडवलेला उजेड त्यात साठवलेला असतो. तो चित्रात मिळवायचा, म्हणजे सावली फिकी होते. भाच्यानं तो गुणला. हॉलमध्ये अमावस्या झाली. रात्री त्याचा मेसेज, 'सर, फाईल करप्ट हाय तुमची.' सकाळी त्यानं कुठल्याशा ॲपमधून काढलेलं चित्र ग्रुपवर टाकलं. कोपरे दुधासारखे. खुर्चीची सावली पूर्वेला, टेबलाची पश्चिमेला, आणि झुंबराला साखळीच नाही. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. 'एकदम नॅचरल', असं घरमालकांच्या साडूंनी लिहिलं.

इथं मला खरंच राग आला. साईटचे कागद करणाऱ्याला पैसे मिळतात. बोअर मारणाऱ्याला पाणी लागलं नाही तरी पैसे मिळतात. प्लॅन पास करून आणणाऱ्याला कशाकशाचे मिळतात ते न बोललेलं बरं. थ्रीडी मात्र 'त्याच्यासोबत येतं', साडीवर फॉल यावा तसं. "सावली तर काढायची आहे सर, बटण दाबायचं, त्यात काय?" त्यात असं, की एओचे दाणे, म्हणजे चित्रात वाळू सांडल्यासारखे ठिपके, दिसायला लागले आणि ते निम्मे करायचे म्हटले तर किरण चौपट सोडावे लागतात, वेळही चौपटीच्या आसपास जातो. "जरा क्लीन करा ओ" एवढं एक वाक्य म्हणजे माझी रात्र. त्यात पहाटे लाईट जाते, यूपीएस चार मिनिटं टुक्‌टुक्‌ करतो, आणि सत्त्याण्णव टक्क्यांवर आलेलं चित्र विझतं. वर गल्लीतले लोक विचारतात, "रात्रभर पिक्चर बघूलालास काय गा?"

मीही एओचा काही आंधळा भक्त नाही. उजेड भिंतींवरून उड्या मारत कसा फिरतो हे नीट मोजलेलं असेल, तर कोपरे आपोआप काळे होतात. त्यावर वरून हा थर ओतला की तो काळ्यावर काळा. जाणकार लोक यावर तावातावानं भांडतात. मीसुद्धा तो साठ टक्क्यांनीच ठेवला होता. पण माझ्या कामावर शंका घ्यायची तर ही घ्यायची होती. ओलीची नव्हे.

यानंतर मला न विचारता वॉटरप्रूफिंगवाला आला. कॉन्ट्रॅक्टरनं त्याला व्हॉट्सॲपवर चित्र पाठवलं होतं. खिशाला टॉर्च, कानावर पेन्सिल. मला वाटलं हा तरी धंद्यातला माणूस, हसेल. त्यानं मॉनिटरवर टॉर्च मारला. पुढं वाकून बघितलं, मागं सरकून बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "पॅरापेटच्या जॉइंटातनं येऊलालंय. वरनं केमिकल मारायला पायजे, आतनं दोन कोट."

"अहो, पॅरापेट नाहीच आहे अजून," मी म्हणालो.

"तेच की. नसल्यावर पाणी येणारच."

आत्यांनी त्याला चहा सांगितला. मला त्या घरी पहिल्या दिवसापासून कुणी चहा विचारलेला नव्हता. एकदा पाव किलो कुंदा मिळाला होता, तोही "बाकीचं पुढच्या महिन्यात" या वाक्यासोबत. त्यानं स्क्वेअर फुटाचा दर सांगितला, घरमालकांनी घासाघीस न करता फोन काढला, आणि न बांधलेल्या घराच्या न झालेल्या ओलीचा ॲडव्हान्स माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या खात्यात गेला. माझ्याच टेबलावर, माझ्याच वायफायवर.

माझी बाकी मागितली तर म्हणाले, "ओल गेली की देतो ओ. तुम्ही काय परके आहात?"

त्या रात्री मी एओचा थर साठवरून वीस टक्क्यांवर आणला. एक सरकपट्टी डावीकडं ओढायची, संपलं. आत्यांनी सकाळी चष्मा लावून सगळे कोपरे तपासले, जिनासुद्धा, आणि म्हणाल्या, "बघ, वाळूलालंय." घरमालकांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करून त्याचे आभार मानले.

मी बिल नव्यानं केलं. 'थ्रीडी व्ह्यू' ही ओळ होती तशीच ठेवली आणि खाली आणखी एक टाकली, 'कोपऱ्यातील ओल काढणे, सर्व खोल्या व जिना: 3,500 रुपये'. पाचच मिनिटांत साडेतीन हजार जमा झाले. वरच्या ओळीचे अजून यायचे आहेत.